हिमस्खलन कां होतें?

काश्मीरांतील गुलमर्ग हें ठिकाण मराठी कुटुंबांना आतां अपरिचित राहिलेलें नाहीं. समुद्रसपाटीपासून सुमारें २६५० मीटर उंचीवर असलेल्या त्या कुरणांतून, तारेवरून सरकणाऱ्या पाळण्यांत बसलें म्हणजे अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत, ३९०० मीटरांहूनहि अधिक उंचीवर, थोड्या वेळांत जाऊन पोंचतां येतें. बहुतेक प्रवासी तेथें घटकाभर हिंडतात, हिमांत खेळतात आणि त्याच पाळण्यानें परत येतात. कांहीं साहसी मंडळी मात्र पायांना स्की, म्हणजे हिमावरून घसरत जाण्याच्या लांब पट्ट्या, बांधून आंखून दिलेली हद्द ओलांडतात आणि पलीकडच्या मोकळ्या उतारांवर शिरतात. तेथें ना रस्ता असतो, ना खुणा. शुभ्र, गुळगुळीत, निःशब्द हिम तेवढें पसरलेलें असतें.

या निःशब्द उतारांनीं माणसांचे बळी घेतले आहेत. ८ फेब्रुवारी २०१० रोजीं गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथें, उंच प्रदेशांतील युद्धकलेचें शिक्षण देणाऱ्या लष्करी शाळेची एक तुकडी हिमस्खलनांत सांपडली व १७ जवान मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं अफरवटच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीपटू आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजीं याच परिसरांत रशियाचा एक स्कीपटू अशाच रीतीनें प्राणास मुकले.

अशी बातमी वाचली म्हणजे आपण म्हणतों, निसर्गाच्या कोपापुढें कोणाचें काय चालतें! हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. आकाशांतून वीज पडावी तसें हिमस्खलन अवचित कोसळत नाहीं. त्याची तयारी उतारावर कित्येक दिवस, कधीं कधीं कित्येक आठवडे, चाललेली असते. आणि शेवटचा धक्का बहुधा त्यांत सांपडणारा माणूस किंवा त्याचा सोबतीच देतो. युरोप व अमेरिकेंतील नोंदी पाहिल्या, तर मोकळ्या पहाडांत हिमस्खलनाच्या तडाख्यांत सांपडून मेलेल्या दर दहा जणांपैकीं सुमारें नऊ जणांच्या बाबतींत असेंच घडलेलें आढळतें. ही तयारी कशी होते आणि तो धक्का कसा बसतो, हें आज आपणांस पाहावयाचें आहे.

आपल्या बोलींत बर्फ हा एकच शब्द असल्यामुळें थोडा घोटाळा होतो. सरबतांत घालतों तें बर्फ म्हणजे गोठलेलें पाणी. आकाशांतून पडतें तें हिम म्हणजे बाष्पापासून घडलेले सूक्ष्म षट्कोनी स्फटिक आणि त्यांच्या पाकळ्यांमध्यें कोंडलेली हवा. एक घनमीटर पाण्याचें वजन १००० किलोग्रॅम असतें. तेवढेंच ताजें, हलकें हिम घेतलें, तर तें अवघें ५० ते १०० किलोग्रॅम भरतें. म्हणजे नव्या हिमांत दहांपैकीं नऊ भाग हवाच असते. पदार्थ असा पोकळ असल्यामुळेंच तो बदलतोहि झपाट्यानें.

हिंवाळ्याचें सारें हिम कांहीं एकदम पडत नाहीं. भूमध्य समुद्राच्या बाजूनें येणारीं वादळें, ज्यांना हवामानशास्त्रज्ञ पश्चिमी विक्षोभ म्हणतात, एकामागून एक हिमालयावर येऊन आदळतात व प्रत्येक वादळ आपला एक थर टाकून जातें. दोन वादळांच्या मधल्या काळांत ऊन पडतें, वारा सुटतो, रात्रीं कडाक्याची थंडी पडते. आणि उघड्या पृष्ठभागावर या सर्वांचे संस्कार होतात. कोठें उन्हानें वितळून पुन्हां गोठलेली कठीण पापडी बनते, कोठें वाऱ्यानें दाबून बसविलेला घट्ट थर, तर कोठें थंडीनें भुसभुशीत झालेला पातळ पदर. मग नवें हिम पडतें आणि तें सर्व झांकून टाकतें. अशा रीतीनें सांचलेला हिमसंचय म्हणजे त्या हिंवाळ्याची रोजकीर्दच होय. व्यापाऱ्याच्या कीर्दींत महिन्यापूर्वींची खोट जशी पुढच्या पानांखालीं कायम राहते, तशी जानेवारींतील एका निरभ्र आठवड्याची खोट फेब्रुवारींतील हिमाखालीं कायम राहते. वरून पाहणाराला ती दिसत नाहीं, एवढेंच.

ही कीर्द पद्धतशीरपणें वाचण्याचें मोठें काम स्वित्झर्लंडांत झालें. दावोस गांवाच्या वर वाइसफ्लूयोख नांवाची जागा आहे. तेथें सुमारें २५०० मीटर उंचीवर १९३६ सालापासून हिमाचें निरीक्षण अखंड चालूं आहे. तेथील पहिल्या संशोधकांनीं हिमाच्या रूपांतरावर लिहिलेला ग्रंथ १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील मुख्य गोष्ट अशी, कीं जमिनीवर पडलेलें हिम स्वस्थ पडून राहत नाहीं. त्याचे कण अखंड रूप पालटीत असतात.

हें रूपांतर दोन दिशांनीं होऊं शकतें, आणि सारा धोका या फरकांत आहे. हिमाच्या तळाशीं जमिनीची ऊब असल्यामुळें तेथील तपमान बहुधा शून्य अंशाच्या आसपास राहतें. वरची हवा मात्र उणे पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरते. हिमसंचय तीन मीटर जाड असेल, तर हा फरक तीन मीटरांत वांटला जातो. कण सावकाश गोल होतात, एकमेकांना चिकटतात व थर मजबूत बनतो. परंतु हिम अवघें अर्धा मीटर असेल, तर तेवढाच फरक अर्ध्या मीटरांत सामावावा लागतो. दर दहा सेंटिमीटरांमागें एक अंश किंवा त्याहून अधिक फरक पडूं लागला, कीं खालच्या उबदार कणांतून बाष्प निघतें व वरच्या थंड कणांवर जाऊन बसतें. जुने सांधे झिजतात आणि त्यांच्या जागीं मोठे, धारदार कडांचे, पोकळ पेल्यासारखे कण तयार होतात. ते हातांत घेतले, तर जाड साखरेप्रमाणें बोटांमधून ओघळून जातात. त्यांचा गोळा वळत नाहीं. म्हणून ‘यंदा हिम थोडें पडलें आहे, तेव्हां भीति नाहीं’ ही समजूत घातक आहे. थोडें हिम आणि दीर्घ थंडी यांनींच तळाचा थर पोखरला जातो. पुढें एखादें मोठें वादळ आलें, म्हणजे त्याचा सर्व भार या साखरेवर येऊन पडतो.

दुसरा दुर्बल पदर दिसावयास याहून सुंदर असतो. आपल्याकडे हिंवाळ्यांतील निरभ्र रात्रीं गवतावर दंव पडतें; महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या परिसरांत कधीं कधीं तें गोठलेलेंहि पाहावयास मिळतें. उंच पर्वतांवर अशाच शांत रात्रीं हिमाच्या पृष्ठभागावर पिसांसारखें नाजूक दहिंवर उगवतें आणि सकाळच्या किरणांत हिऱ्यांप्रमाणें चमकतें. उन्हानें किंवा वाऱ्यानें तें मोडलें, तर चिंता नाहीं. तें उभें असतांनाच त्यावर नवें हिम पडलें, तर मात्र काचेच्या काड्यांवर फरशी रचावी तशी अवस्था होते. हा पदर बोटभरहि जाड नसतो. तरी कित्येक आठवडे तो तसाच धोकादायक राहूं शकतो.

आतां प्रत्यक्ष स्खलनाकडे वळूं. कांहीं वेळां एका बिंदूपाशीं सैल हिम सुटतें आणि धान्याच्या राशीवरून दाणे ओघळावेत तसें पसरत खालीं येतें. या प्रकारानें होणारे मृत्यु थोडे. प्राणघातक ठरतो तो दुसरा प्रकार. त्यांत वरच्या हिमाचा एकसंध थर, एखाद्या प्रचंड लादीप्रमाणें, सबंधच्या सबंध निसटतो. त्याला तीन गोष्टी लागतात: वर एकसंध लादी, तिच्याखालीं दुर्बल पदर आणि पुरेसा उतार. जुन्या घरांतील मडक्यांची उतरंड आठवावी. वरचीं मडकीं कितीहि पक्कीं असलीं, तरी खालचें एक मडकें कच्चें निघालें, कीं सगळी उतरंड कोसळते. वरचें हिम घट्ट आहे, पाय रुतत नाहींत, म्हणून तें सुरक्षित, असें समजणारा मनुष्य वरच्या मडक्यावर टिचकी मारून सबंध उतरंडीची परीक्षा करीत असतो.

सबंध लादीच्या वजनापुढें एका माणसाचें वजन कांहींच नाहीं. परंतु तें एका जागीं व एका क्षणीं पडतें, आणि त्याचा परिणाम हिमांत सुमारें मीटरभर खोलपर्यंत पोंचूं शकतो. तेवढ्या खोलींत दुर्बल पदर असला, तर थोड्याशा जागेंत त्याचे कण मोडतात. त्यावरील लादी किंचित् खचते, त्यामुळें शेजारचे कण मोडतात, आणि ही मोड क्षणार्धांत दूरवर पसरते. सपाटीवर असें झालें, तर पायाखालून ‘धप्प’ असा घुमणारा आवाज येतो, इतकेंच. उतारावर झालें, तर माणसाच्या बऱ्याच वर एक आडवी भेग उमटते आणि ज्या लादीवर तो उभा असतो ती त्याला घेऊनच चालूं लागते. पळून जाण्यास कडच उरत नाहीं, कारण कड त्याच्या माथ्यावर असते. कोरड्या हिमाचें असें स्खलन बघतां बघतां ताशीं १०० किलोमीटरांहून अधिक वेग घेऊं शकतें. ओरडण्यानें किंवा गाण्यानें हिमस्खलन होतें, अशी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तींत तथ्य नाहीं. माणसाच्या आवाजाचा दाब त्यासाठीं फार अपुरा आहे. त्याच्या पायांचा भार मात्र पुरेसा ठरतो.

उतार किती असला म्हणजे धोका? लादीचीं बहुतेक स्खलनें ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. याहून पुष्कळच उभ्या कड्यांवर हिम फारसें सांचत नाहीं. तें पडतां पडतांच ओघळून जातें. ३० अंशांहून सौम्य उतारावर लादी सहसा सुटत नाहीं. दुर्दैव असें, कीं स्कीपटूला मोहक वाटणारा उतार नेमका या मधल्या पट्ट्यांत असतो. शिवाय सौम्य जागीं उभा असलेला माणूस वरच्या उभ्या उताराखालीं असेल, तर तोहि निर्धास्त नव्हे. सुटलेलें हिम सपाटीवरहि दूरवर धांवत येतें.

उताराइतकेंच महत्त्व वाऱ्याला आहे. वारा डोंगराच्या एका अंगाचें हिम उचलतो व माथ्यापलीकडे, आडोशाच्या अंगाला, नेऊन टाकतो. तेथें आकाशांतून पडणाऱ्या हिमापेक्षां कित्येक पटींनीं अधिक वेगानें भर पडते, आणि वाटेंत कणांचा चुरा झाल्यामुळें हें हिम दाटून त्याची लादी बनते. माथ्याच्या कडेला अशा वेळीं हिमाची वळचण पुढें आलेली दिसते. ती दिसली, कीं खालच्या उतारावर वाऱ्यानें भार घातला आहे हें ओळखावें. आकाश निरभ्र असूनहि एका रात्रींत धोका वाढतो तो असा.

निसर्ग कांहीं इशारे मात्र उघड देतो. शेजारच्या, त्याच दिशेकडे तोंड असलेल्या उतारावर ताजें स्खलन झालेलें दिसणें, पायाखालून धप्प आवाज येणें, पावलापुढें हिमांत भेगा धांवणें, वादळानें एकाच दिवसांत हातभर हिम टाकणें, किंवा एकाएकीं ऊब वाढून हिमावर पाऊस पडणें. यांतील एक लक्षण दिसलें, तरी उभ्या उतारांचा विचार सोडून द्यावा.

हिमालयाचा स्वभाव सर्वत्र एकसारखा नाहीं. गुलमर्ग ज्या पीर पंजाल रांगेंत आहे, तेथें हिम विपुल पडतें व हवा त्या मानानें उबदार असते. तेथें पुष्कळसा धोका वादळाच्या वेळीं व त्यानंतरच्या एकदोन दिवसांत असतो. काराकोरमकडे, जेथें थंडी तीव्र व हिम कोरडें असतें, तेथें साखरेसारखे पोखरलेले थर दीर्घकाळ टिकतात. या अभ्यासासाठीं १९६९ सालीं मनाली येथें एक सरकारी संस्था स्थापन झाली. २०२० सालीं ती संरक्षण संशोधनाच्या एका नव्या संस्थेंत विलीन करण्यांत आली, आणि ती संस्था हिमालयासाठीं धोक्याचे अंदाज प्रसिद्ध करते.

असे अंदाज पांच पायऱ्यांच्या मापानें देण्याची पद्धति युरोपांत १९९३ सालीं सर्वसंमत झाली. पहिली पायरी अल्प धोक्याची, पांचवी अत्यंत धोक्याची. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. मोकळ्या पहाडांतील सर्वांत जास्त मृत्यु चौथ्या-पांचव्या पायरीला होत नाहींत, तर तिसऱ्या पायरीला होतात. चौथी-पांचवी पायरी क्वचित् येते, आणि तेव्हां बहुतेक लोक घरींच बसतात. तिसऱ्या पायरीला ऊन पडलेलें असतें, हिम ताजें असतें, आणि ‘मधला अंक’ म्हणजे ‘मध्यम धोका’ अशी मनाची समजूत करून घेणें सोपें असतें. वस्तुतः तिसऱ्या पायरीचा अर्थ असा, कीं कांहीं उतारांवर एका माणसाचा भारहि स्खलनास पुरेल.

आतां माणूस गाडला गेला तर पुढें काय? वाहतांना मऊ भासणारें हिम थांबतांक्षणींच इतकें घट्ट बसतें, कीं गाडलेल्याला बोटहि हलवितां येत नाहीं. कांहीं जण खडकांवर वा झाडांवर आपटूनच दगावतात. उरलेल्यांचा काळ गुदमरण्याच्या रूपानें येतो. स्वित्झर्लंडमधील चाळीस वर्षांच्या नोंदींवरून असें दिसतें, कीं पूर्ण गाडल्या गेलेल्यांना पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलें, तर दहांपैकीं नऊ जगतात. अर्ध्या तासानंतर दहांपैकीं तीनच. खालच्या गांवांतून मदत येण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ सहज लागतो. तेव्हां वांचविणार ते बरोबरचे सोबतीच.

येथें आपल्या या नभोवाणीच्याच कुळांतील एक उपकरण कामीं येतें. १९६८ सालीं अमेरिकेंत जॉन लॉटन या संशोधकानें अंगावर बाळगण्याजोगें एक लहानसें प्रेषक-ग्राहक यंत्र तयार केलें. चालतांना सर्वांचीं यंत्रें संकेत पाठवीत राहतात. कोणी गाडला गेला, तर इतरांनीं आपापलीं यंत्रें ग्रहणावर लावून त्याचा माग काढावयाचा. आज जगभर हीं यंत्रें ४५७ किलोहर्ट्झ या कंपनसंख्येवर, म्हणजे मध्यम लहरींच्या पट्ट्याच्या जरा खालीं, चालतात. त्याबरोबर हिमांत खुपसून पाहण्याची लांब सळई आणि फावडें हवें. तिन्हीं वस्तूंपैकीं एक नसली, तर उरलेल्या दोहोंचा उपयोग थोडा. आणि तिन्ही असूनहि त्यांचा सराव नसेल, तर तीं दहा मिनिटें शोधाशोधींतच निघून जातात. तरीहि हें सर्व अपघात झाल्यानंतरचें आहे. दहांतला जो एक वेळेवर बाहेर काढूनहि वांचत नाहीं, त्याच्यासाठीं जगांत कोणतेंहि यंत्र नाहीं.

मग इतकें ज्ञान व इतकीं साधनें असतांना माणसें सांपडतात कां? इयन मॅकॅमन या अमेरिकन अभ्यासकानें सातशेंहून अधिक अपघातांच्या नोंदी तपासून २००४ सालीं या प्रश्नाचें उत्तर मांडलें. पुष्कळ प्रसंगीं धोक्याचीं चिन्हें उघड दिसत होतीं व मंडळींत शिकलेले लोकहि होते. घोटाळा हिमाच्या ज्ञानांत नसून निर्णय करण्याच्या रीतींत होता. ‘हा उतार माझ्या ओळखीचा आहे’. ‘इतक्या दूर आलों, आतां कोठें परत फिरतां?’, ‘पुढारी अनुभवी आहे, त्याला कळतें’, ‘आमच्याआधीं दुसरे गेले, त्यांचे ठसे दिसत आहेत’, ‘अस्पर्श हिम आहे, दुसरे येण्यापूर्वीं आपण उतरूं’. यांतील प्रत्येक विचार घरांत व बाजारांत आपण रोज करतों आणि बहुधा तो आपणांस फसवीतहि नाहीं. हिमाच्या बाबतींत मात्र तो हिमाविषयीं कांहींच सांगत नाहीं. दुर्बल पदरावरील लादीची जाडी सर्वत्र सारखी नसते. दहा माणसें निर्विघ्न गेलेल्या उतारावर अकरावा माणूस चारच पावलें बाजूला पडला, कीं त्याचा भार नेमका पातळ जागीं पडतो. ठसे हा त्या दहा जणांच्या सुदैवाचा पुरावा आहे, उताराच्या बळकटीचा नव्हे.

शिक्षण घेतलेल्यांनाहि पर्वत सूट देत नाहीं, याचें दुःखद उदाहरण आपल्याच देशांतलें आहे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं गढवालमधील द्रौपदी का डांडा या शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचें प्रशिक्षण पथक हिमस्खलनांत सांपडलें. २७ जणांचे देह हातीं आले, दोघांचा पत्ता शोधपथकांना लागला नाहीं. तो काळ भर हिंवाळ्याचाहि नव्हता. जेथें उतार, लादी व दुर्बल पदर हीं तिन्ही एकत्र येतात, तेथें पंचांगांतला महिना पाहून भागत नाहीं.

म्हणून जाणते लोक कांहीं साधे नियम पाळतात. निघण्यापूर्वीं अंदाज वाचावा आणि कोणत्या खुणेला परत फिरावयाचें हें खालींच, उबदार खोलींत, ठरवून ठेवावें. वर गेल्यावर उत्साह तर्काला ऐकूं देत नाहीं. उतार डोळ्यांनीं न अजमावतां कोनमापकानें मोजावा. हिमांत खड्डा खणून थर पाहावेत; त्यांत धोका आढळला तर तो खरा मानावा, परंतु न आढळला म्हणून सबंध उतार निर्धोक मानूं नये. संशयाच्या उतारावरून एका वेळीं एकानेंच जावें व इतरांनीं सुरक्षित जागीं उभें राहून त्याच्यावर नजर ठेवावी. मंडळींतील सर्वांत नवख्या माणसालाहि ‘मला हें ठीक वाटत नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार असावा, आणि तसें तो म्हणाला तर वाद न घालतां सर्वांनीं फिरावें.

आपल्या घरांतील तरुण मुलेंमुली आज मोठ्या हौसेनें हिमालयांत जातात, आणि तें योग्यच आहे. त्यांना अडवूं नये. मात्र निघतांना ‘किती उंच जाणार?’ एवढेंच न विचारतां ‘कशा कशानें परत फिराल?’ असेंहि विचारावें. या प्रश्नाचें नेमकें उत्तर ज्याच्याजवळ तयार आहे, त्याच्या जाण्याची काळजी करण्याचें कारण पुष्कळ कमी होतें.